आठाण्याची जुडी

त्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. सकाळी मी आणि बायकोनं ओट्यावर बसून सांबाराच्या जुड्या बांधल्या. सांबार म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. म्हणू द्या. मी जुन्या बारदान्यातून सुतळीचा एकेक धागा ओढून तिच्यापुढं टाकत होतो आणि ती बांधत होती. माप तिच्या हातातच होतं. अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट जुळवायचं, मधल्या गोलात जेवढ्या काड्या मावतील तेवढी एक जुडी. आठाण्याची जुडी. आठाणे म्हणजे पन्नास पैसे, हेही आता सांगावं लागतं.

बांधता बांधता ती म्हणाली, "आज चालता का बँकेत? बाजाराच्या पलीकडंच तं हाय."

मी म्हटलं, मला काम आहे.

काम काही नव्हतं. जिनिंग बंद पडल्यापासून मला कोणतंच काम नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिनं फळीवरचा आठाण्यांचा डबा काढून टोपल्याजवळ आणून ठेवला होता. माझं उत्तर ऐकलं आणि तो उचलून परत फळीवर ठेवला. डबा जड होता. तिला दोन्ही हात लावावे लागले. मी बसल्या जागेवरून पाहत होतो, उठलो नाही. मग तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि काळी-पिवळी जीप जिथं थांबते तिकडे निघाली. मी पारावर जाऊन बसलो. एवढंच. आता लोक विचारतात, शेवटी काय बोलली, काही सांगून गेली का. बँकेत चालता का, हे बोलली. पण हे कोणाला सांगावं?

मी जिनिंगमध्ये गाठी उचलत होतो. चोवीस वर्षं. रुईची गाठ म्हणजे दोन माणसांचं वजन, ती पाठीवर घेऊन ट्रकात लावायची. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडला, सरकारी खरेदीचा खेळ झाला, व्यापाऱ्यानं कापूस दुसरीकडे वळवला आणि आमच्या जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलं. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात गाड्या भरभरून माणसं येत होती. पुढारी, पेपरवाले, कॅमेरेवाले. ज्याच्या नावावर सातबारा होता आणि ज्यानं औषध घेतलं, त्याच्या दारात जात होती. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्यानं औषधही घेतलं नाही, तो दिसतच नव्हता कोणाला. मी दिसावं असं मला वाटत होतं असं नाही. पण एकदा एक कॅमेरेवाला माझ्या दाराशी थांबला आणि विचारलं, इथं कोणी मेलं आहे का. मी म्हटलं नाही. तो पुढं गेला.

तेव्हा घर चाललं ते नाल्याकाठच्या तुकड्यावर. दुसऱ्याचा होता, पडीक होता, तिनं मालकाला भाजी देण्याच्या बोलीवर मागून घेतला. तिथं सांबार, मिरची, पालक. नाल्याचं पाणी घागरीनं आणून घालायची. मी गाठी उचलणारा माणूस, मला घागर उचलायची लाज वाटत होती. पहिल्या वर्षी मी एकही घागर आणली नाही. हे लिहून ठेवतो, कारण गावात आता लोक म्हणतात की बुढ्यानं बुढीला लय जपलं. खोटं आहे.

जुडीचं तिचं एक म्हणणं होतं. ती म्हणत होती, गरिबाच्या घरी एका दिवसाच्या भाजीला एवढाच सांबार लागतो. जास्ती दिला तर दुसऱ्या दिवशी वाळतो, फेकावा लागतो. कापूस वेचून येणाऱ्या बाया संध्याकाळी तिच्यापाशी थांबत, कमरेचा ओचा सोडत, आठाणे देत, जुडी घेत आणि चालायला लागत. भाव नाही, घासाघीस नाही. बाजूची मिरचीवाली तिला हसायची. म्हणायची, तू दुकान लावलं का अन्नछत्र.

मग आठाणे जायला लागले. कोणी दवंडी दिली नाही, कागद लावला नाही. चार आणे सरकारनं रीतसर बंद केले, ते कळलं तरी. आठाणे कोणीच बंद केले नव्हते. लोकांनीच ते घ्यायचं सोडलं, तेही फक्त घ्यायचं. द्यायचं नाही सोडलं. यष्टीचा कंडक्टर तिकिटाच्या मागं लिहून द्यायचा आणि उतरताना विसरायचा. आमच्या गावचा दुकानदार आठाण्याच्या बदल्यात गोळी देत होता. गोळी परत नेऊन दिली तर घेत नव्हता. म्हणायचा, खाल्ल्यासारखी दिसते. मंदिरासमोर बसणाऱ्या बाबाला कोणी आठाणे दिले तर तोही माघारी सरकवायचा. रुपया असंल तर टाका, म्हणायचा.

सगळ्या बाजारात एकटी माझी बायको आठाणे घेत होती. दुसऱ्या भाजीवाल्यांनी जुडी मोठी करून रुपयाची केली. तिनं केली नाही. मग काय व्हायचं तेच झालं. ज्याच्या ज्याच्या घरी आठाणे पडून होते तो तिच्यापाशी आला. ज्यांनी आयुष्यात तिच्याकडून काही घेतलं नव्हतं, ते शहाणेही आले. मारेगावकडची सोयरी आली, जाता जाता मूठभर आठाणे तिच्या पदरात टाकून टोपलंभर सांबार घेऊन गेली. दुकानदाराचा नोकर येत होता, मालकाच्या गल्ल्यातले घेऊन. आणि तिच्याकडून कोणी परत घेत नव्हतं. एखादीनं रुपया दिला आणि एक जुडी घेतली, तर आठाणे मागं द्यायला तिनं हात पुढं केला की ती बाई तोंड फिरवायची. राहू दे म्हणायची, जशी काही मेहेरबानी करून राहिली आहे.

असे ते डब्यात जमत गेले. गोड्या तेलाचा वरून कापलेला डबा. मी तिला किती बोललो. म्हटलं, तू कचराकुंडी आहेस का गावाची. म्हटलं, त्या डब्याला भंगारवालाही घेणार नाही. ती चिडत नव्हती. तिचं एकच, की सरकारनं बंद नाही केले. कोण्या मास्तरीणबाईनं तिला सांगितलं होतं की बँकेत घेतात, घ्यावेच लागतात. तेव्हापासून ती माझ्या मागं लागली.

"तुम्ही चौथी शिकले. मी तं पाटीले हात नाई लावला. तुम्ही संगं असले तं मले बोलता येईन."

मी म्हटलं, बँकेवाले हसतील आपल्यावर.

"हसू द्या. हसून का होईना, घेतीन तं ना."

खरी गोष्ट वेगळी होती. जिनिंगच्या हिशेबाचा चेक घेऊन मी एकदा त्या बँकेत गेलो होतो. चिठ्ठी चुकीची भरली. आतल्या माणसानं ती काचेखालून फेकल्यासारखी माघारी टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, येत नाही तर कायले येता. मी दुसरी चिठ्ठी भरली नाही. पुतण्याला पाठवून काम केलं. तिला मी सांगितलं होतं की बँक बंद होती. तर ती दर बाजारी विचारायची आणि मी दर बाजारी काम सांगायचो. असे किती बाजार झाले ते मला नका विचारू.

मध्यंतरी गावात एक म्हातारा गेला. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की अर्थीवरून लाह्या, गुलाल आणि चिल्लर उधळतात, पोरं ती चिल्लर वेचतात. पोरांनी वेचलं तर चांगलं मानतात, मयतीच्या घरच्यांनी मात्र उचलायचं नसतं. त्या दिवशी दुकानदारानं गल्ल्यातून पिशवी आणली. सगळे आठाणे. उधळले आणि ते तसेच पडून राहिले. पोरंसुद्धा वाकली नाहीत. माझी बायको बायांमध्ये मागं उभी होती. ती सरळ रस्त्यात पुढं आली. आमच्याकडे बाया अर्थीच्या पुढं येत नाहीत. ती आली आणि दुकानदाराला म्हणाली, "काल त्यानं हेच दिले असते तं तू घेतले असते का? जित्याचे घेत नाई अन् मेल्यावर वाहतो. त्याले काय आता बोलता येत नाई म्हणून?"

कोणीतरी तिला मागं ओढलं. मीच ओढलं. घरी आल्यावर म्हटलं, इज्जत घालवली. ती भाकरी थापत राहिली. तव्यावर भाकरी टाकली आणि एवढंच म्हणाली की कोणाची, ते सांगा.

आता त्या दिवसाचं.

दुपारी पारावरून मला काळी-पिवळी आलेली दिसली. मिरचीवाली उतरली आणि मला हात केला. गाडीत माझी बायको खिडकीला टेकून बसलेली होती, पदर तोंडावर ओढलेला. मिरचीवालीनं मला नंतर सांगितलं ते असं. बाजारात दुपार व्हायच्या आधीच ती टोपल्याला टेकून बसली. मिरचीवालीला वाटलं झोप लागली. गिऱ्हाईक आलं तर तिनंच हिच्या चार जुड्या विकून दिल्या, हिच्याच आठाण्याच्या भावानं. मग उठवायला खांद्याला हात लावला तर ती कलली. डॉक्टरकडे नेलं, त्यानं पाहिलं आणि मान हलवली. काळी-पिवळीवाला मेलेलं माणूस गाडीत घेत नाही. म्हणून मिरचीवालीनं त्याला सांगितलं की हिला ऊन लागलं. सगळ्या वाटेनं तिनं हिचा दंड धरून ठेवला, आणि मधी एका बाईनं विचारलं की मावशीला काय झालं, तर म्हणाली, काही नाही, रात्रभर झोपली नाही, जुड्या बांधत होती. त्या मिरचीवालीशी मी कधी धड नाव घेऊन बोललो नव्हतो. एवढ्या गावात एक तीच माणूस निघाली.

दिवस मावळायच्या आत उरकायचं ठरलं. कोण ठरवतं ते कळत नाही, पण ठरतं. मुलगी नेरहून यष्टीनं पोहोचली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणलं, कपाळभर कुंकू लावलं. बाया म्हणत होत्या, नशीबवान आहे, नवऱ्याच्या खांद्यावर चालली. मला त्यांच्या तोंडात माती घालावीशी वाटत होती.

तेवढ्यात पुतण्या आला. म्हणाला, काका, उधळाले चिल्लर पाहिजे, घरात आहे का. आणि मी हात वर केला आणि फळी दाखवली. हे मी केलं. दुसऱ्या कोणी नाही. माझं डोकं जागेवर नव्हतं असं लोक म्हणतील. होतं जागेवर. मला एवढंच वाटलं की यांनी लवकर निघावं. डबा म्हणजे डबा, त्यात चिल्लर आहे, घेऊन जा.

पुतण्यानं डबा उघडला. "काका, यात तं सारे आठाणेच हायेत."

दुकानदार ओट्याखाली उभा होता. तो म्हणाला, "चालते रे. उधळाले काय लागते. बरं झालं, एका जागी खपतील तरी."

दोघं-तिघं हसले. मोठ्यानं नाही, मयतीत हसतात तसं. मी ऐकलं. माझ्या हातात विस्तवाचं मडकं दिलेलं होतं. मडकंवाल्यानं पुढं चालायचं, मागं पाहायचं नाही, बोलायचं नाही, असं असतं. मी तेवढं पाळलं. बायकोचं एक काम केलं नाही कधी, पण हे पाळलं. दारापासून नाल्यापर्यंत माझ्या मागं आठाणे पडत होते. रुपया पडला तर ठण् वाजतो. आठाणे पडले तर पत्र्याचा तुकडा पडल्यासारखं वाजतं. एक घरंगळत पुढं आलं आणि माझ्या पायापाशी आडवं झालं. मी त्याच्यावर पाय देऊन पुढं गेलो.

कोणी एक नाणं उचललं नाही. तिनं ज्या-ज्या माणसाकडून ते घेतले होते, ती सगळी माणसं त्या वाटेनं माझ्या मागं चालत होती. त्यांचेच होते ते. ज्याचे त्यानं ओळखले असते तर पिशव्या भरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी थैली घेतली आणि दारातून सुरुवात केली. अनवाणी होतो. मयतीच्या घरात चूल पेटत नाही, शेजारीण चहा घेऊन आली होती, तो तसाच राहिला. नाणं दिसलं की वाकायचो. कमरेत गाठी उचलल्याची जुनी दुखणी आहेत, एका वाकण्यात दोन-तीन मिळाली तर बरं वाटायचं. काही नालीत होती, काही शेणात रुतली होती, काहींवर बैलगाडीचं चाक गेलेलं होतं. सगळ्यांना गुलाल लागलेला.

मुलगी धावत आली. "बाबा, नका उचलू. लोक काय म्हणतीन."

मी म्हटलं, लोकांना मी पाहून घेतो, तू घरी जाय. ती गेली नाही. माझ्या मागं रडत उभी राहिली. उचललं मात्र एकही नाही. तिला भीती वाटत होती, मेलेल्यावरून ओवाळलेलं घरात आणू नये म्हणतात. तिची चूक नाही, आम्हीच शिकवलं होतं.

दुकानदार दुकान उघडत होता. मला पाहून त्यानं चेहरा लांब केला. म्हणाला, "बुढेबाबा, ओवाळलेलं उचलत नसतात. तिले शांती भेटणार नाई."

मी त्याच्यासमोर जाऊन बसलो, मातीतच. "तुह्या दारात तीन पडले हाय. एक तुह्या चपलीखाली हाय. पाय उचल."

तो काही बोलायला गेला. मी त्याच्या पायाकडे पाहत राहिलो. त्यानं पाय उचलला. ते मी घेतलं, तोंडानं फुंकलं आणि थैलीत टाकलं. मग म्हटलं, हे तुह्याच गल्ल्यातलं असंल. तेव्हा तो आत गेला.

नाल्यापर्यंत गेलो. राखेजवळ मी गेलो नाही, ते तिसऱ्या दिवशी असतं. तिथूनच वळलो आणि सरळ यष्टीच्या थांब्यावर गेलो. घरी गेलो असतो तर सुतकात कुठं जाता म्हणून अडवलं असतं. कपड्यावर गुलाल होता, पायाला शेण होतं. यष्टीत माझ्या बाजूला कोणी बसलं नाही. बरं झालं, थैलीला जागा मिळाली.

घाटंजीला बँक उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. उघडल्यावर शिपाई म्हणाला, बाबा, मागायचं असेल तर बाहेर बसा. मी म्हटलं, आठाणे द्यायचे आहेत, त्याच्या नोटा पाहिजेत. तो थैलीत डोकावला आणि साहेबाला बोलावून आणलं. तोच होता का, चिठ्ठी फेकणारा? मला ओळखता आलं नाही. सगळे सारखेच दिसतात काचेच्या मागं. हा तरणा होता. म्हणाला, आठाणे घेतो आम्ही, पण हे असे नाही, मळलेले आहेत, धुऊन आणा.

बँकेच्या मागं नळ होता. मी तिथं बसलो आणि एकेक नाणं अंगठ्यानं घासून धुतलं. पाणी लाल वाहत होतं. नळावर पाणी प्यायला आलेली एक बाई थबकली, मग न पिताच गेली. धोतराच्या टोकानं पुसून मी पुन्हा थैली भरली आणि रांगेत उभा राहिलो.

माझा नंबर आला. मी मूठमूठ काचेखालून सरकवायला लागलो. मागं कोणीतरी हसलं, बाजूच्या टेबलावरचा माणूसही हसला. तिनं सांगितलं होतं तसंच. मी हसू दिलं.

तरण्या साहेबानं विचारलं, "एवढे कुठून आणले, आजोबा?"

"रस्त्यावरून."

"कोणाचे आहेत?"

"बायकोचे. तिनं साऱ्याईचे घेतले होते."

त्यानं माझ्या कपड्याकडे पाहिलं, गुलालाकडे पाहिलं. दहा-दहाच्या थप्प्या लावायला लागला. मग चिठ्ठी पुढं सरकवली. मी म्हटलं, मला येत नाही, तुम्हीच भरा. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानं भरली. मी सही केली. चौथीतली सही आहे माझी, वेळ लागतो.

त्यानं काचेखालून नोटा दिल्या. मागचा माणूस म्हणाला, "बाबा, झालं ना तुमचं, सरका आता."

मी म्हटलं, थांब.

तो साहेब एकेक थप्पी उचलून आपल्या खणात टाकत होता. शेवटची थप्पी त्या खणात पडेपर्यंत मी खिडकीवरून हललो नाही.